मागे कोण बसलंय? घरच्या टेबलावर चार दारांच्या स्पोर्ट्स सेडानचं क्ले मॉडेल

रविवारी सकाळी माझ्याकडे येणारी मुलं पहिल्या दिवशी हमखास एकच गोष्ट करतात. वही उघडतात आणि गाडीचं नाक काढायला घेतात. रागावलेले दिवे, मोठी जाळी, रुंद चाकं. दहा मिनिटांत पान भरतं. मग मी विचारते, "मागे कोण बसलंय?" आणि सगळे माझ्याकडे बघत बसतात.

दोन दारांची स्पोर्ट्स कार काढताना हा प्रश्न पडत नाही. मागे दप्तर बसतं, नाहीतर कोणीच नाही. पण चार दारं द्यायची म्हटली की मागे एक पूर्ण वाढलेला माणूस येतो, त्याला डोकं असतं, आणि ते डोकं नेमकं तिथेच येतं जिथे छताची रेघ खाली उतरायला हवी असते. नवी लक्झरी स्पोर्ट्स सेडान घडवताना स्टुडिओत महिनोन्‌महिने जी भांडणं चालतात, त्यातली निम्मी या डोक्यावरून असतात. म्हणून हे मॉडेल आपण मागच्या सीटपासून करायचं. नाकाचं शेवटी बघू.

मी ठाण्याजवळच्या कळव्याची. बाबांचा गणपतीचा कारखाना होता. पत्र्याची शेड, शाडूचा वास, आणि आषाढापासून घरात कोणाला जेवायला वेळ नाही. पुढे पुण्याजवळच्या एका कार डिझाइन स्टुडिओत मी ९ वर्षं क्ले मॉडेलर होते, आता परत कळव्यात. बाबांची शिस्त साधी होती : आधी पाट, मग आसन, मांडी नीट बसली की पोट, आणि सोंड सगळ्यात शेवटी. नवा पोरगा उत्साहाने सोंडेला हात घालायला गेला की त्याचा हात बाजूला करून म्हणायचे, "आधी बसव त्याला." स्टुडिओत हेच मला वेगळ्या शब्दांत शिकवलं गेलं, आणि शिकवणारे शिकवून स्वतः विसरले, ते पुढे सांगते.

कागद, बांगडी आणि नवरा

माप एकास दहा धरा. १० सेंटिमीटरचा १ सेंटिमीटर, हिशेब डोक्यात होतो. नमुन्याला मी पहिल्या पिढीची पोर्शे पॅनामेरा घेते, कारण तिची मापं सरळ आहेत : लांबी ४,९७० मिलिमीटर, रुंदी १,९३१, उंची १,४१८, आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे व्हीलबेस, २,९२०. तुमच्या कागदावर झाले ४९७, १९३, १४२ आणि २९२. गाडी तुमची स्वतःचीच असू दे, पण पहिल्यांदा ही चौकट मोडू नका.

२० इंची रिमवर टायर चढवला की चाक साधारण ७१ सेंटिमीटर व्यासाचं होतं, म्हणजे कागदावर ७१ मिलिमीटर. कंपास शोधत बसू नका. दोन-दहा मापाची काचेची बांगडी बाहेरून जवळपास तेवढीच भरते. माझ्याकडच्या सगळ्या गाड्यांची चाकं आईच्या हिरव्या बांगडीने काढलेली आहेत. दोन बांगड्या २९२ मिलिमीटर अंतरावर मांडा आणि बघा : दोन चाकांच्या मधे आणखी तीन चाकं जेमतेम मावतात आणि गाडीची उंची दोन चाकांएवढी भरते. हे प्रमाण डोळ्यात बसवून घ्या. मुलांची चित्रं पुष्कळदा इथेच फसतात. चाकं अवाढव्य काढतात आणि मग गाडी खेळण्यातली दिसते.

आता माणूस. घरातला सगळ्यात उंच माणूस पकडा. आमच्याकडे नवरा आहे, ५ फूट ११ इंच. त्याला जमिनीवर बसवून, पाठीमागे उशा लावून, आरामखुर्चीत टेकतो तसा टेकवला. बुडापासून डोक्यापर्यंतची उभी उंची भरली ८८ सेंटिमीटर. आता खालून वर बेरीज करा. रस्त्यापासून गाडीचं पोट १३ सेंटिमीटर, तळाची जाडी ६, माणूस बसल्यावर दबलेली सीट तळापासून २२, माणूस ८८, डोक्यावर हवा ४, छताची जाडी ५. झाले १३८.

आणि गाडीची उंची किती? १४२ च्या आत-बाहेर. म्हणजे सगळ्यात उंच ठिकाणापासून मागच्या माणसाच्या डोक्यापर्यंत येईतो छताला उतरायला मिळाले जेमतेम ४ सेंटिमीटर. तुमच्या मॉडेलवर ४ मिलिमीटर. वहीत तुम्ही जी सुंदर, पाण्याच्या घसरगुंडीसारखी रेघ काढली होती ती इथे माणसाच्या कानाजवळून जाते. मोजून बघा.

डोक्यावरून झालेल्या गाड्या

इथे जरा थांबते, कारण हा हिशेब कोणी कसा सोडवला हे बघितलं की तुमच्या हाताला वाटा सापडतात.

मासेरातीने १९६३ साली तुरिनच्या प्रदर्शनात एक गाडी मांडली आणि नावच ठेवलं 'क्वात्रोपोर्ते'. इटालियनमधे त्याचा अर्थ चार दारं, बस. पिएत्रो फ्रुआचं डिझाइन, पुढे ४.१ लिटरचं व्ही-८ इंजिन. ती सरळ सेडानच्या बांध्याची होती, छत जिथे हवं तिथे. मर्सिडीजने २००४ मधे सीएलएस आणली तेव्हा उलटं केलं : छत कूपेसारखं, म्हणजे उतरत्या छताच्या दोन दारी गाडीसारखं, वाकवलं आणि मागे तीनऐवजी दोनच माणसं बसवली. मधला माणूस काढला की उरलेले दोघे थोडे आतल्या बाजूला सरकतात, आणि छताच्या कडा आत झुकवायला जागा मिळते. तुमच्या मॉडेलला हा उपाय फुकटात मिळतो, वापरा.

पोर्शेची गोष्ट मला सगळ्यात आवडते. १९८० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी ९८९ नावाची चार दारांची गाडी करायला घेतली होती. ती विक्रीपर्यंत पोचलीच नाही. तिच्या मागे असलेला इंजिनिअर उलरिश बेझ पुढे अ‍ॅस्टन मार्टिनचा प्रमुख झाला, आणि तिथे २००६ मधे डेट्रॉइटला रॅपीड नावाच्या चार दारांच्या गाडीचं कॉन्सेप्ट मॉडेल आलं, २०१० मधे गाडी. रॅपीड दिसायला इतकी देखणी आहे की मागे बसणाऱ्याबद्दल आपोआप वाईट वाटतं. मागचं दार छोटं, छत खाली, आत शिरताना मान वाकवा. दरम्यान पोर्शेनेही २००९ मधे पॅनामेरा केली, ती शांघायच्या वर्ल्ड फायनान्शियल सेंटरच्या ९४ व्या मजल्यावर लिफ्टने चढवून दाखवली. तिच्यात मागे ऐसपैस बसता येत होतं, पण मागून ती फुगलेली दिसते असं पुष्कळ जण म्हणाले. मग २०१६ च्या दुसऱ्या पिढीत त्यांनी मागच्या बाजूला छत किती खाली आणलं असेल? २० मिलिमीटर. एवढंच, आणि गाडी बदलली. तुमच्या मॉडेलवर ते २ मिलिमीटर होतात. जेमतेम एका नाण्याच्या जाडीएवढा फरक. मुलं जेव्हा "ताई, थोडंसंच तर काढलंय" म्हणतात तेव्हा मी त्यांना हा आकडा ऐकवते.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत आणखी पंचाईत, कारण बॅटरी पायाखाली. तळ वर आला की पाय वर, गुडघे वर, डोकं वर. पोर्शेने आपल्या विजेवरच्या टायकानमधे मागच्या माणसाच्या पायांपाशी बॅटरीत खळगे ठेवले, पाय खाली जातात म्हणून माणूस खाली बसतो. छताची रेघ वाचवण्यासाठी पायाखालची बॅटरी कोरली, असा हा व्यवहार आहे.

आपल्याकडे बॅटरी नाही, क्ले आहे, तेव्हा तुमच्या हातात चार उपाय : मागची सीट थोडी खाली, पाठ थोडी जास्त कललेली, माणूस २-३ मिलिमीटर पुढे, आणि छताचा सगळ्यात उंच बिंदू चालकाच्या डोक्याच्याही जरा पुढे. शेवटचा उपाय सगळ्यात गुणाचा. उंच बिंदू पुढे आला की उतार लवकर सुरू होतो आणि उतरला थोडाच असला तरी डोळ्याला जास्त उतरलेला दिसतो. शिवाय बाजूच्या काचेची वरची कड छतापेक्षा लवकर खाली आणा. माणसाचा डोळा छत बघत नाही, काचेची कड बघतो. छत जागेवर राहतं आणि गाडी घसरल्यासारखी दिसते. यात फसवणूक आहे असं वाटत असेल तर गणपतीचं पोट समोरून आणि बाजूने वेगवेगळं का दिसतं हे एकदा मूर्तिकाराला विचारा.

अर्धी गाडी, एक आरसा

पूर्ण गाडी करू नका. अर्धी करा, लांबीतून मधोमध कापलेली, आणि आरशाला टेकवून ठेवा. उरलेली अर्धी आरसा देतो. क्ले निम्मी लागते, आणि डावी-उजवी बाजू सारखी करण्याचा सगळा त्रास वाचतो. स्टुडिओतसुद्धा सुरुवातीची मॉडेलं अशी होतात.

फक्त एक खोच आहे, आणि ती मला माझ्याच आरशाने शिकवली. जांभळी नाक्याजवळून मी ५ मिलिमीटर जाडीचा आरसा कापून आणला, भारी दिसतो म्हणून. मॉडेल टेकवलं तर गाडी बेडकासारखी रुंद. चकाकणारा थर काचेच्या मागच्या बाजूला असतो, त्यामुळे मॉडेल आणि प्रतिबिंब यांच्या मधे काचेची जाडी येते आणि समोरून बघताना साधारण ६-७ मिलिमीटरची भर पडते. एकास दहाच्या मापात गाडी ६-७ सेंटिमीटर रुंद झाली की! तेव्हा आरसा ३ मिलिमीटरचाच घ्या, आणि मॉडेलची आरशाला लागणारी बाजू २ मिलिमीटर कमी ठेवा. अ‍ॅक्रिलिकचा आरसा पातळ मिळतो पण तो वाकतो, प्रतिबिंबातली गाडी अपघात झाल्यासारखी दिसते. घेऊ नका.

क्ले आणि आईचे देव

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात : शाडू का नाही? शाडू पाण्यावर चालते. वाळते, आकसते, तडकते. मूर्तीला ते चालतं, कारण मूर्ती एकदा झाली की झाली. गाडीचं मॉडेल दोन महिने रोज बदलतं. आज छत खाली, उद्या वर. त्यासाठी मेण आणि तेल असलेली इंडस्ट्रियल क्ले लागते, जी कधी वाळत नाही. गरम केली की मऊ, गार झाली की कडक, कितीही वेळा. गाड्यांसाठी ही पद्धत रुजवली अमेरिकन कार डिझायनर हार्ली अर्लने. १९२७ मधे जनरल मोटर्सने त्याला डिझाइनचा वेगळा विभागच काढून दिला. तेव्हापासून जवळपास १०० वर्षं झाली, मधे संगणक आले, पाच दिशांनी फिरणारी मिलिंग मशिनं आली, डोळ्याला लावायचे चष्मे आले, तरी मोठ्या कंपन्यांनी क्ले सोडलेली नाही. पडद्यावर हात फिरवता येत नाही, एवढं साधं कारण आहे.

३ किलो पुरते. घेताना गंधक नसलेली मागा. जुन्या पद्धतीच्या क्लेमधे गंधक असतं, ती रेकखाली, म्हणजे खरवडायच्या दातेरी पट्टीखाली, लोण्यासारखी कापली जाते, मला मनापासून तीच आवडते. पण पहिल्या वर्षी मी ती घरात गरम केली आणि चार दिवसांनी आईच्या देव्हाऱ्यातले चांदीचे देव काळे पडले. आईला आधी वाटलं कोणाची दृष्ट लागली. मग मला बोलणी बसली. गंधक आणि चांदी एका घरात नांदत नाहीत, आणि पुढे सिलिकॉनचा साचा काढायचा असेल तर काही सिलिकॉनही या क्लेवर सुकत नाहीत, चिकट राहतात.

गरम करायला ५५ ते ६० अंश पुरे. प्लायची पेटी करा, आत १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावा (एलईडी चालणार नाही, त्याची उष्णता पुरत नाही), क्ले कापून तुकडे पसरा, तासाभराने बघा. बल्बला क्ले किंवा प्लाय चिकटता कामा नये, आणि पेटी चालू ठेवून बाहेर जाऊ नका. बरोबर गरम झालेली क्ले शिजून घट्ट झालेल्या पुरणासारखी लागते. तेल सुटून चकाकायला लागली तर जास्त झाली. स्वयंपाकाच्या ओव्हनमधे घालू नका, कितीही स्वच्छ असला तरी.

आतलं हाड थर्माकोलचं. फ्रिजच्या पॅकिंगमधला जाड, घट्ट दाण्याचा तुकडा मिळाला तर उत्तम. अंतिम आकारापेक्षा सगळीकडून १५ ते २० मिलिमीटर लहान कापायचा आणि ८ मिलिमीटरच्या प्लायवर फेविकॉलने पक्का बसवायचा. पण त्याआधी त्यात मागच्या माणसाचं डोकं खोचा. मी थर्माकोलमधे एक टूथपिक उभी करते, टोक बरोबर १३८ मिलिमीटर उंचीवर, मागच्या प्रवाशाच्या डोक्याच्या जागी. पुढे कधीही रेक मारताना टूथपिक दिसली की थांबायचं. याहून स्वस्त इंजिनिअरिंग विभाग कुठे मिळणार नाही.

क्ले चढवताना पहिला थर पातळ, अंगठ्याने थर्माकोलमधे रगडून. मग तळहाताच्या टाचेने पुढे ढकलत दुसरा, तिसरा. गोळे चिकटवू नका. दोन गोळ्यांच्या मधे हवा राहते आणि शेवटच्या दिवशी, सगळं गुळगुळीत झाल्यावर, नेमकी दारावर पोकळी उघडते.

एप्रिल-मे मधे कळव्यात दुपारी खिडकीजवळ मॉडेल ठेवू नका. एवढंच सांगते. माझ्या एका सेडानचं पुढचं मडगार्ड एका दुपारीत रुसल्यासारखं खाली आलं होतं.

हत्यारं

स्टुडिओत रेक आणि स्लिक ही दोन मुख्य हत्यारं. रेक म्हणजे दातेरी पट्टी, जास्तीची क्ले खरवडून काढते. स्लिक म्हणजे पातळ, लवचीक पोलादी पाती, पृष्ठभाग घट्ट करून चमकवते. विकत घ्यायला गेलात तर क्लेपेक्षा महाग पडतात. हॅक्सॉचं ब्लेड अर्धगोल वाकवून लाकडी मुठीत बसवलं की रेक झाला. स्लिकसाठी वागळे इस्टेटमधल्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात पातळ स्टेनलेस पत्र्याच्या कातरणी मागा, कडा तिथेच घासून घ्या. बाबांच्या कोरण्या अजून माझ्या डब्यात आहेत, दिव्यांचे कोपरे त्यांच्यानेच निघतात.

रेकचं तंत्र असं. एका दिशेने कधीही ओढू नका. एकदा तिरका उजवीकडून, मग त्यावर आडवा डावीकडून, चटईच्या विणीसारखं. एकाच दिशेने ओढलं की हाताची लय क्लेत उतरते आणि लाटा तयार होतात. त्या डोळ्याला दिसत नाहीत, बोटाला लागतात. म्हणून दर पाच मिनिटांनी डोळे मिटून दारावरून बोटं फिरवा, पुढून मागे. आणि एक पातळ प्लास्टिकची पट्टी पृष्ठभागावर वाकवून धरा, मागून टॉर्च मारा. पट्टीखालून उजेड जिथे येतो तिथे खड्डा आहे.

आकार बरोबर येतोय का यासाठी पुठ्ठ्याचे तीन साचे कापा : पुढच्या चाकावरचा, दोन दारांमधल्या खांबावरचा, मागच्या चाकावरचा. त्या त्या ठिकाणी गाडी आडवी कापली तर कड जशी दिसेल, ती कागदावर काढून पुठ्ठ्यावर तशीच उतरवायची. तिन्ही बसले की मधलं हाताने जोडायचं. मागच्या चाकावर खांदा, म्हणजे काचेखालचा पत्र्याचा फुगवटा, रुंद असू द्या आणि त्यावर काच आत झुकलेली. चार दारांच्या गाडीत ताकद दिसते ती इथे, मागच्या दाराच्या शेवटी जिथे पत्रा चाकावर चढतो. या तळहाताएवढ्या जागेवर मी एक आख्खा रविवार घालवते आणि मुलं कंटाळतात. कंटाळू देते.

ती गोष्ट जी शिकवणारे विसरले

स्टुडिओत एका प्रकल्पावर आम्ही पूर्ण मापाचं क्ले मॉडेल करत होतो. सादरीकरणाच्या दोन दिवस आधी वरून निरोप आला, छत मागे खाली घ्या, गाडी जड दिसतेय. कोणीतरी दबकत सीटिंग बकचं नाव काढलं, म्हणजे तो लाकूड-फायबरचा सांगाडा ज्यात माणूस बसवून आतल्या जागा तपासतात. वेळ नाही म्हणाले. आम्ही रात्रभर खरवडलं. ३० मिलिमीटर गेले. सकाळी गाडी खरंच फार सुंदर दिसत होती, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्याने नवी मापं सांगाड्याला लावली आणि एक उंच साहेब मागे बसले. त्यांचे केस छताला लागले. काही न बोलता उतरले, केस सारखे केले, निघून गेले.

क्ले काढायला एक रात्र लागते. परत चढवायला आम्हाला ११ दिवस लागले, कारण छत वर गेलं की खांब बदलतो, खांब बदलला की काच, काच बदलली की खांदा. साहेबांचं डोकं मात्र पहिल्या दिवसापासून तेवढंच होतं. टूथपिकची सवय मला तेव्हापासून.

उजेडात बघणे

गुळगुळीत झालेली क्ले तपकिरी आणि मंद असते, तिच्यावर चूक दिसत नाही. स्टुडिओत तिच्यावर चंदेरी फिल्म ताणून बसवतात, म्हणजे रंगवलेल्या पत्र्यासारखं प्रतिबिंब पडतं. घरी स्वयंपाकाची फॉइल लावून बघू नका, सुरकुत्या पडतात. गाड्यांना रॅपिंग करणाऱ्या दुकानात चंदेरी विनाइलचे उरलेले तुकडे मागा, बहुतेक जण फेकायलाच ठेवतात. क्लेवर साबणाच्या पाण्याचा फवारा, फिल्म ठेवायची, मधून कडेला मऊ पट्टीने पाणी ढकलायचं. हेअर ड्रायर अगदी बेतानेच, खाली क्ले आहे विसरू नका.

मग खोलीतले दिवे बंद करून एकच ट्यूबलाइट, आणि मॉडेल तिच्याखाली हळूहळू फिरवा. उजेडाची पट्टी पुढच्या मडगार्डपासून मागच्या दिव्यापर्यंत न तुटता धावली पाहिजे. मधेच ती नागमोडी झाली, जाड-बारीक झाली, तर तिथे फिल्म उचला आणि पुन्हा स्लिक. गृहपाठ म्हणून कुठल्याही मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमधे जा. ओळीने लागलेल्या ट्यूबलाइट उभ्या गाड्यांच्या दारांवरून कशा वाहतात ते बघा. किंवा रविवारी सकाळी लवकर पाम बीच रोडला उभे राहा, तिथे चांगल्या गाड्या चालताना दिसतात. पार्किंगमधला वॉचमन विचारेल काय करताय. खरं सांगा, तो तुम्हाला आणखी दोन गाड्या दाखवेल.

दारांच्या फटी शेवटी, ०.५ मिलिमीटरच्या काळ्या टेपने. मागच्या दाराची मागची कड चाकाच्या कमानीला समांतर वळते, आणि दार उघडल्यावर माणसाचं पाऊल बाहेर यायला खाली जागा हवी. बांगडीच्या आत दार घुसत असेल तर एकतर चाक मागे सरकवा किंवा दार लहान करा. कंपन्यांनाही तिसरा उपाय मिळालेला नाही.

गतिरोधक

ही परीक्षा कुठल्या स्टुडिओत झाली नव्हती, माझी स्वतःची आहे. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर लांब, १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा असतो. पुठ्ठ्याचा करा : ३७ सेंटिमीटर लांब, १ सेंटिमीटर उंच. २,९२० व्हीलबेसची गाडी अशा वळणावर दोन्ही चाकांनी उभी राहिली तर तिच्या पोटाला खालून सुमारे ६३ मिलिमीटर जागा लागते. आपण १३० ठेवली आहे, म्हणजे आरामात जाते.

आता आमच्या सोसायटीच्या गेटवरचा करा. ६० सेंटिमीटर लांब, १५ उंच, वरून डांबराचा ढीग. दोन्ही चाकं रस्त्यावर, ढीग मधे. मॉडेल पुढे ढकला. पोट घासतं, आणि १३ च्या जागी १५ केले तरी घासतंच. पोट आणखी वर घेतलं की माणूस वर, डोकं वर, छत वर, सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. एका नववीतल्या मुलाने यावर उपाय सुचवला : गतिरोधक काढायला महापालिकेत अर्ज. मी त्याला पूर्ण मार्क दिले.

न्यायचं कसं, फोटो कसे

लोकलने नेणार असाल तर खोक्यात प्लाय चारी बाजूंनी स्क्रूने बसवा, वर्तमानपत्रं कोंबून भागत नाही. कळव्याला फास्ट थांबत नाही, तेव्हा स्लोमधे दादरपर्यंत खोकं मांडीवरच. एकदा लेडीज डब्यात एका मावशींनी खोकं बघून विचारलं, "गणपती आहे का गं?" मी म्हटलं, "नाही, गाडी आहे." त्या जरा विचारात पडल्या, मग सरकून जागा दिली आणि मुलुंडची गर्दी चढली तेव्हा स्वतःचा हात आडवा धरला.

फोटो आमच्या गच्चीवर निघतात, साडेपाचनंतर, जेव्हा पारसिकच्या डोंगरावर ऊन तिरकं पडतं. मॉडेल आरशासकट टेबलावर ठेवा. मोबाइल उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली येते. उभ्या माणसाचा डोळा १६० सेंटिमीटरवर असतो, म्हणून लेन्स टेबलापासून १६ सेंटिमीटरवर. यापेक्षा वरून काढलेला फोटो लगेच खेळण्याचा वाटतो. थोडं लांब उभे राहून झूम करा, जवळून काढलं की नाक फुगतं.

फोटो झाले की फिल्म सोलून काढा आणि क्ले पेटीत परत टाका. माझ्या पेटीतली क्ले आतापर्यंत सात गाड्या झाली आहे, मधे एकदा दिवाळीत किल्ल्यावरचा तोफखानाही. खरवडून काढलेल्या क्लेतले थर्माकोलचे दाणे मात्र तेव्हाच वेचा. डब्यात राहिले की पुढच्या गाडीच्या बॉनेटवर पहिल्याच रेकला वर येतात.